मोटरखान्यातली माती

यंदा थंडी जरा लवकर आली. हैदराबादची थंडी ती काय, असं पुण्याचे पाहुणे नाक मुरडून म्हणतात. म्हणू देत बापडे. ऐंशी ओलांडलेल्या गुडघ्यांना विचारा. पण गुडघ्यांचं नवल नाही. थंडी पडली की माझ्या तळहातांना खाज सुटते, आणि तीही नेमकी पहाटे. डॉक्टर म्हणतात त्वचा कोरडी झाली आहे, खोबरेल लावा. मी खोबरेल लावते आणि गप्प बसते, कारण खरं काय ते सांगायला गेले तर त्यांचे बाकीचे पेशंट ताटकळतील.

परवा माझी नात ऋचा मला हाताला धरून खाली सेलरमध्ये घेऊन गेली. दिलसुखनगरच्या आमच्या इमारतीत तळघरात मोटारी उभ्या करतात, त्याला सगळे सेलर म्हणतात. मुलानं गाडी विकून मेट्रोनं जायला सुरुवात केली तशी आमची जागा रिकामी पडली होती. तिथं तिनं काळ्या रबराच्या चटया अंथरल्या होत्या. डंबेल्स खोक्यांतून आल्या होत्या, बाक तिनं मोबाइलमध्ये बघून बघून स्वतः जोडला होता, आणि भिंतीला एक पुरुषभर उंचीचा आरसा टेकवला होता.

"फ्रॉम स्क्रॅच, आजी! एकटीनं केलं सगळं."

"माती कुठाय?" मी विचारलं.

"माती? आजी, जिम आहे हे, कुंडी नाही!"

ती हसली, मीही हसले. मग तिनं कानांत ती पांढरी बोंडं घातली, आरशासमोर उभी राहिली आणि वजनं उचलायला लागली. मी बाजूच्या स्कूटरवर टेकून बघत होते. पोरगी मेहनती आहे, घाम चांगला गाळते. पण तिथं ती होती आणि आरशातली ती होती, तिसरं कुणी नव्हतं. मला एकदम इतकं एकटं वाटलं की मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर आले, आणि मग दिवसभर गुडघ्यांची बोलणी खाल्ली.

आमचं जुनं घर जामबागच्या मागे होतं. कुणा जहागीरदारानं दोन मोटारींच्या हौसेनं बांधलेलं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते भाड्यानं घेतलं तेव्हा मोटारीही नव्हत्या आणि जहागीरदारही नव्हता. उरला होता तो मोटरखाना. दोन मोठी लाकडी दारं, शहाबादी फरशी, फरशीवर तेलाचे काळे डाग. आम्ही तिथं सरपण, मोडक्या खुर्च्या आणि नानांच्या जुन्या खटल्यांच्या कागदांच्या मिसली ठेवत असू. नाना वकील होते, सगळी वकिली उर्दूत केलेली. पण बोलणं म्हणून जे काही होतं ते सगळं कोर्टात ठेवून घरी येत. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. महसूल खात्यात कारकून होता. त्या दिवाळीनंतर एका सकाळी तो चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "नाना, मोटरखान्यात तालीम काढावी म्हणतो."

"काढ," नाना म्हणाले. त्यांच्या मानानं ते भाषणच झालं.

ते वर्ष तुटातुटीचं होतं. भाषांप्रमाणे राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी मुलूख म्हैसूरकडे, आणि आम्ही राहत होतो ते शहर आंध्रात आलं. जमीन एका दिवसात वाटून झाली, माणसं वाटायला वेळ लागत होता. सरकारी नोकरांकडून कुठं जायचं त्याचे फॉर्म भरून घेतले होते आणि आता एकेकाचे हुकूम येत होते. आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच. रोज कुठल्या ना कुठल्या ओसरीवर ट्रंका काढलेल्या दिसायच्या. बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जायच्या ते निरोप घ्यायलाच. अशा दिवसांत, सगळे सामान बांधत असताना, आम्ही बहीणभाऊ घरात काहीतरी मांडत होतो. मला त्याचा काय आनंद झाला होता! आपण राहणार आहोत याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

फरश्या दादानं पहारीनं उचकटल्या. मध्ये चौकोनी हौद खणला, गुडघाभर खोल. कडेला विटांचा कठडा बांधला. शहराबाहेरून दोन गाड्या तांबडी माती आणवली आणि मग चाळणं सुरू झालं. मोठ्या चाळणीची एक बाजू दादाकडे, एक माझ्याकडे. दहा-बारा दिवस रोज सकाळी आम्ही तेच करत होतो. खडे बाजूला, माती खाली. माझ्या भुवया, पापण्या, वेणी, सगळं तांबडं व्हायचं. दादा चाळता चाळता ऑफिसातल्या गंमती सांगायचा, बड्या साहेबांच्या नकला करायचा. एकदा मी इतकी हसले की चाळणी माझ्या हातून उसळली आणि अख्खी माती त्याच्या डोक्यावर. तो तसाच उभा राहून म्हणाला, "घ्या, पहिला पैलवान तयार झाला." त्या घरात आईनंतर पहिल्यांदा कुणी खळखळून हसलं असेल तर ते त्या मोटरखान्यात.

मातीत घालायला हळद, तेल, कापूर आणायला आम्ही बेगम बाजारात गेलो. दादानं हळदीची मागणी सांगितली तसा दुकानदारानं तराजू खाली ठेवला. "इत्ती हल्दी? घर में शादी है क्या मियाँ?"

"शादी नहीं, कुश्ती है," दादा म्हणाला.

"एकीच बात है," दुकानदार म्हणाला आणि त्यानं वर मूठभर हळद जास्त घातली.

मग ताक, लिंबं, कडुलिंबाचा पाला. पायांनी नाही, हातांनी मळायची, असा दादाचा हट्ट. मी कोपरापर्यंत हात घालून मळली. जुन्या पेट्रोलचा वास, ताकाचा आंबूस वास आणि कापूर, असं तिन्ही मिळून जे काही झालं होतं ते मला अजून कुठं भेटलेलं नाही. सुतारानं बाभळीची मुद्गलांची जोडी करून दिली. आढ्याला दोर बांधला. जोर काढायला दोन गुळगुळीत दगड मी स्वतः नदीकाठून निवडून आणले होते.

एका शनिवारी मारुतीची तसबीर लावली, नारळ फोडला. दादाचे ऑफिसातले दोन मित्र आले होते. दादा लंगोट कसून हौदात उतरला, मातीला हात लावून कपाळाला लावला. मीही परकर जरासा उचलून कठड्यावर पाय टाकला.

"शकू, थांब," दादा म्हणाला. "हौदात बायकांनी पाय ठेवायचा नसतो."

रागावून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो अगदी साधेपणानं म्हणाला, चप्पल बाहेर काढ म्हणावं तसा. सगळ्या तालमींत असंच असतं, त्याला कोण काय करणार? माझे हात चालले होते, पाय चालत नव्हते. मी मागं सरले आणि दाराशी जाऊन उभी राहिले, आणि त्यानंतर ती थंडीभर दाराशीच राहिले. दूध न्यायचं ते उंबऱ्यापर्यंत, आणि तिथूनच रिकामा पेला परत घ्यायचा.

ऋचाला मी आता हे सांगितलं तर ती म्हणेल, "आजी, तू ऐकून कसं घेतलंस?" ऐकून घेतलं बुवा. त्या वेळी मला त्यात अपमानही वाटला नाही. फक्त सकाळ एकदम मोठी झाली. चाळायला काही उरलं नव्हतं.

तालीम जेमतेम दीड महिना चालली. एका मित्राचा हुकूम औरंगाबादचा आला, दुसऱ्याचा परभणीचा. कुस्तीला दोन माणसं लागतात, एकट्यानं कितीही ठरवलं तरी कुस्ती होत नाही. मग दादा एकटाच जोर काढायचा, मुद्गल फिरवायचा. पुढे पुढे नुसता कठड्यावर बसून राहायचा, पाय हौदात सोडून. मी दुधाचा पेला घेऊन उंबऱ्यावर आणि तो तिथं. मध्ये ती आम्ही दोघांनी चाळलेली माती.

मग त्याचाही हुकूम आला. औरंगाबाद. "सरकारनं पाठवलं, इलाज नाही," दादा म्हणाला. नानांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "तिकडे थंडी जास्त असते. रजई ने."

काचीगुडा स्टेशनावर मी त्याला पोचवायला गेले होते. गाडी हलताना तो खिडकीतून म्हणाला, "मातीला रोज उकरावं लागतं गं, नाहीतर ती धरते. पण असू दे. पुढच्या थंडीत बदली मागून येतोच."

तेवढं एक वाक्य घेऊन मी घरी आले.

घरात आता दोन ताटं. नाना जेवायचे, मी वाढायचे, मग मी जेवायचे. कॉलेजात आम्ही सहा मराठी मुली एका बाकावर दाटीनं बसायचो, त्यातल्या दोघीच उरल्या, आणि दाटीवाटीची इतकी सवय झालेली की आम्ही दोघीही एका टोकाला सरकून बसायचो. संध्याकाळी गल्लीत फेरी मारली तर ओळखीच्या ओसऱ्यांवर अनोळखी माणसं, आणि त्यांची तेलुगू मला तेव्हा चार शब्दांपलीकडे येत नव्हती. माणसं चांगली होती. एक बाई मला बघून रोज हसायच्या. पण हसण्यावर किती दिवस काढणार?

होळीनंतर मी एकदा मोटरखान्याचं दार उघडलं तर माती खरंच धरली होती. वर भेगा गेल्या होत्या. मला रडू आलं. दादा आला आणि ही अशी बघितली तर त्याच पावली परत जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. मी कुदळ घेतली आणि कठड्याबाहेर उभी राहून, वाकून, हात पोचेल तितकं खणायला लागले. पाय ठेवायचा नव्हता ना! आठ दिवस मी अशीच चारी बाजूंनी खणत होते. कडेची माती भुसभुशीत झाली आणि मध्ये एक टणक बेट राहिलं, तिथं कुदळ पोचेना.

नवव्या दिवशी मी मारुतीरायाची क्षमा मागितली, तसबीर भिंतीकडे तोंड करून उलटी लावली आणि हौदात उतरले.

गार माती पायांच्या बोटांतून वर आली. आतापर्यंत हातांनाच ओळखत होती ती मला. मी मधलं बेट फोडलं, ढेकळं हातानं कुस्करली, ताक घालून पुन्हा मळली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मग खणून झाल्यावर अंग गरम झालेलं असायचं, म्हणून बैठका. दादाचा मागं राहिलेला तंग पायजमा नाडी घट्ट आवळून घालायचे. पहिल्या महिन्यात मुद्गल डोक्यामागे नेताना एकदा कपाळाला टेंगूळ आलं, नानांना सांगितलं की दाराची चौकट लागली. पावसाळा गेला तोवर मी शंभर बैठका काढत होते. दिवाळीच्या आधी बांगड्या भरायला बसले तर बांगडीवाली माझा हात दाबून दाबून थकली. "हाथां इत्ते सख्त कायकू हो गए बेटा? चक्की पीसते क्या?"

मी कुणालाच काही सांगत नव्हते. सांगायला होतं कोण? दादाच्या पहिल्या पत्रात होतं, "माती कशी आहे?" मी लिहिलं, "बरी आहे." नंतरच्या पत्रांत त्यानं विचारलं नाही, तरी मी आपली दर पत्राच्या शेवटी लिहायचे, माती बरी आहे.

त्या पावसाळ्यात शेजारच्या बंगल्यात कर्नूलहून आलेले एक अधिकारी राहायला आले. त्यांची मोटर उघड्यावर भिजायची. एकदा ते येऊन नानांना अदबीनं म्हणाले की तुमचा मोटरखाना रिकामा दिसतो, भाड्यानं द्याल का? मी पडद्यामागे श्वास रोखून उभी. नाना म्हणाले, "माफ करा. मुलगा येणार आहे, त्याला लागेल." मला नानांना जाऊन मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे मिठ्या मारायची पद्धत नव्हती, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या आवडीची भरली वांगी केली.

एका जागेची काळजी घेत राहिलं की माणूस परत येतो, असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं. आता हसू येतं. पण ऋचाच्या चटयांवर धूळ बसली तर मी अजूनही गुपचूप खाली जाऊन ओल्या फडक्यानं पुसून येते, आणि ती कुठं परगावी गेलेली नाही, वरच्या मजल्यावर झोपलेली असते.

संक्रांतीला दादा आला, चार दिवसांच्या रजेवर. अंगानं भरला होता, जरा पोटही सुटलं होतं. बोलणं मोठं झालं होतं, हातवारे करून बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मोटरखान्यात नेलं. दार उघडलं. तो कठड्यावर बसला, वाकून मूठभर माती उचलली, बोटांमधून सोडली.

"ही तर लोण्यासारखी आहे. कोण खणतं? गडी ठेवलाय?"

"मी खणते."

"हौदात उतरून?"

"मग काय हवेत लटकून?"

त्यानं भिंतीकडे बघितलं. "आणि हा मारुती असा का?"

"मी उतरते म्हणून."

तो हसला नाही. मग म्हणाला, "शकू, मी बदली मागितलेली नाही. मागणारही नाही."

"सरकार देणार नाही?"

"सरकारचा काही संबंध नाही. फॉर्मवर मीच मुंबई राज्य लिहिलं होतं. दिवाळीच्या आधीच." त्यानं मातीनं भरलेला हात मांडीला पुसला. "मला या घरात गुदमरायला व्हायचं गं. नाना तसे, आई गेलेली. आपलंच पाऊल वाजलं तरी दचकायला व्हायचं. मला कुठंतरी जायचंच होतं."

"मग ही तालीम कशाला काढलीस? मला कशाला राबवलंस?"

"वाटलं होतं, यात जीव रमला तर फॉर्म मागं घेईन. तशी मुदत होती. रमलाही होता. आपण माती चाळत होतो ना, तोवर रमला होता. हौद तयार झाला आणि तू जाऊन दाराशी उभी राहिलीस."

"तूच म्हणालास उतरू नको म्हणून."

"मीच म्हणालो," दादा म्हणाला.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. वर्षभर साठवलेलं बळ दंडांत होतं, त्याला उचलून हौदात आपटता आलं असतं असं मला आजही वाटतं. पण मी एवढंच विचारलं, "नानांना माहीत आहे?"

"पहिल्यापासून. त्यांना विचारूनच भरला मी फॉर्म. म्हणाले, तुझं तू बघ, शकूला मात्र एवढ्यात सांगू नको."

दादा गेला त्या दिवशी मी स्टेशनावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तशी उठून सवयीनं मोटरखान्यात गेले खरी, पण कुदळीला हात लावावासा वाटेना. हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. दादापेक्षा नानांचाच राग जास्त येत होता. त्या अधिकाऱ्याला यांनी सरळ खोटं सांगितलं. बाप असून रोज पहाटे मला मूर्खासारखं खणू दिलं.

दारात सावली आली. नाना होते, डोक्याला मफलर, हातात कंदील. ते मोटरखान्यात कधी येत नसत. तालीम झाल्यापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

"आज आवाज आला नाही," ते म्हणाले. "बरं वाटत नाही का तुला?"

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तो स्वतः गेला, परत येणार नाही, सगळं माहीत होतं. मग वर्षभर मला का खणू दिलंत? एका शब्दानं सांगायचं होतंत."

मला वाटलं नाना नेहमीसारखे तसेच वळून जातील. त्यांनी कंदील खाली ठेवला, उगाच वात कमी केली, पुन्हा मोठी केली.

"रोज पहाटे तुझ्या कुदळीचा आवाज आला," ते म्हणाले, "की मला वाटायचं, येईल तो. माहीत असून वाटायचं. तू थांबली असतीस तर..."

कोर्टात तासतासभर बोलणारा माणूस, मफलरचं टोक तोंडाशी धरून उभा होता. एक वर्ष आम्ही दोघं एकाच घरात एकाच माणसाची वाट बघत होतो, आणि एकमेकांना जेवायला वाढण्यापलीकडे बोललो नव्हतो.

मी उठले. कुदळ घेतली आणि हौदात उतरले. नाना कंदील उचलून आपल्या खोलीकडे गेले. मी पहिला घाव घातला. दुसरा घातला. मग त्या कडाक्याच्या थंडीत मोटरखान्याच्या बाजूची त्यांच्या खोलीची खिडकी कुरकुरत उघडली, आणि मी खणून होईपर्यंत उघडीच राहिली.